बदलून बघू, की बघून बदलू?

"बदलून बघू या" हे शब्द गॅरेजमध्ये ऐकले की माझ्या डोक्यात तिडीक जाते. अरे बाबा, आधी बघ ना! बघून झाल्यावर बदल काय बदलायचं ते. पण नाही. हल्ली बघणं हे कामच राहिलेलं नाही, बदलणं हेच काम.

निमित्त आमच्या गाडीच्या स्पीडोमीटरचं. नातेवाईकांपैकी ज्यांनी ही गाडी पाहिली आहे ते आत्ताच हसले असतील. हो हो, तीच. १९९० सालची व्होल्वो २४०, फिकट निळी. मामी इथे आली होती तेव्हा तिने गाडीचं नाव 'पावाची लादी' ठेवलं होतं. इथले शौकीन तिला 'वीट' म्हणतात, म्हणजे मामीचं फारसं चुकलं नव्हतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ही स्वीडनची गाडी, १९७४ ते १९९३ अशी जवळजवळ वीस वर्षं बनत होती, आणि एकूण २८ लाखांहून जास्त बनल्या. अमेरिकेत मास्तर लोक, ग्रंथपाल, म्हातारे डॉक्टर असल्या मंडळींकडे ती असायची. दिसायला खोकं, पण टिकायला दगड.

तर झालं असं की या हिवाळ्यात तिचा स्पीडोमीटर नखरे करायला लागला. सकाळी कडाक्याच्या थंडीत निघालं की काटा शून्यावर झोपलेला. पंधरा-वीस मिनिटं हीटर चालला की एकदम टुणकन उठून बरोबर जागी जायचा. मग एखादा खड्डा आला की परत आडवा. डॅशबोर्डवर एक चापट मारली की कधी उठायचा, कधी नाही. (जुन्या टीव्हीची आठवण झाली ना?)

मला एकट्याला ते चाललं असतं. रोजचा रस्ता, ओळखीचा वेग, आणि खिशातल्या फोनवर जीपीएस असतोच. पण लेक साडेसोळा वर्षांची झाली आहे आणि ही गाडी तिला द्यायची असं आमचं घरात ठरलंय. मॅसॅच्युसेट्समध्ये अठराच्या आतल्या ड्रायव्हरला वेगाचं पहिलं तिकीट मिळालं की लायसन्स ९० दिवस बंद. शाळेच्या टापूत मर्यादा ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर. नवख्या पोरीला पायाखाली २० आणि ३० मधला फरक कळत नसतो, तो डोळ्यांनीच बघावा लागतो. आणि फोनकडे बघत गाडी चालव असं तिला मी सांगणार नव्हतो. थोडक्यात, काटा दुरुस्त झाल्याशिवाय किल्ली हातात नाही.

पहिल्या गॅरेजने गाडीत बसून एक चक्कर मारली आणि म्हणाले, पूर्ण क्लस्टर बदलू या. क्लस्टर म्हणजे काटे, आकडे, दिवे असलेला आख्खा डबा. भंगारातल्या गाडीतून काढलेला मिळेल, मजुरीसकट साडेचारशे डॉलर. दुसऱ्या गॅरेजने गाडी जागची हलवलीही नाही. इथे रस्त्यावर मीठ टाकतात, खालचा सेन्सर गंजला असणार, तो बदलू या. नाही झालं तर मग वायरिंग बघू. मी विचारलं, सेन्सर वाईट नसला तर परत घेणार का? इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाही म्हणाले.

दोघेही सज्जन माणसं होती, मला फसवायला बसलेली नव्हती. दुसऱ्याचा अंदाज तर अगदी वाजवी होता, या गाड्यांमध्ये मागचं कनेक्शन खरोखर गंजतं. पण 'बहुतेक वेळा असं होतं' आणि 'या गाडीत असं झालंय' या दोन वाक्यांमध्ये एक मोजमाप असतं, आणि ते मोजमाप दोघांपैकी कोणीच घेतलं नव्हतं. एकाने गाडीचं डोकं बदलायला सांगितलं, दुसऱ्याने शेपूट. मधलं बघायला कोणी तयार नाही.

आता थोडं यंत्राबद्दल. कंटाळा आला तर पुढचा एक परिच्छेद गाळा, पण मग मागाहून तक्रार नको.

आपल्या लहानपणीच्या गाड्यांमध्ये, म्हणजे पद्मिनी वगैरेंमध्ये, गिअरबॉक्समधून एक लांब केबल निघून डॅशबोर्डपर्यंत जायची. ती गरगर फिरायची, तिच्या टोकाला लोहचुंबक, चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी, वाटीला काटा आणि एक नाजूक स्प्रिंग. चुंबक फिरला की वाटी त्याच्या मागे ओढली जाते, स्प्रिंग तिला अडवते, आणि त्या ओढाताणीत काटा कुठे थांबतो तो वेग. ओटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाने १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षं जगाने तेच वापरलं. व्होल्वो २४० मध्येही १९८५ पर्यंत केबलच होती. १९८६ पासून ती गेली. आता मागच्या डिफरन्शियलच्या आत एक दातेरी कडं आहे, माझ्या गाडीत बारा दातांचं. त्याच्यासमोर तारेचं वेटोळं असलेला सेन्सर. एक दात समोरून गेला की तारेत विजेचा एक बारीकसा ठोका उमटतो. तो ठोका दोन वायरींमधून गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डॅशबोर्डला येतो. तिथे एक छोटं सर्किट ठोके मोजतं, काटा हलवतं आणि मैलांचे आकडेही पुढे सरकवतं. बस, एवढंच आहे. कॉम्प्युटर नाही की जादू नाही.

आता गंमत बघा. गाडी उघडायच्या आधी, नुसतं नीट पाहून, किती कळतं!

काटा चालतो पण मैलांचे आकडे थांबलेत, असं असेल तर जवळजवळ नक्की आतलं प्लॅस्टिकचं चिमुकलं गिअर तुटलंय. हा या गाडीचा प्रसिद्ध आजार. (चालत्या गाडीत ट्रिप मीटरचं बटण दाबून शून्य करायला गेलं की ते दात हमखास जातात. ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांनी लक्षात ठेवा, दाबायचं तर उभ्या गाडीत.) उलट आकडे पळतात पण काटा मेलेला, तर काट्याचं यंत्र गेलंय. आणि दोन्ही एकाच वेळी थांबतात, एकाच वेळी सुरू होतात? तर 'घोडा का अडला, भाकरी का करपली' यातला प्रकार. उत्तर दोघांनाही एकच लागू पडलं पाहिजे. म्हणजे एक तर ठोके येत नाहीत, नाहीतर त्या सर्किटला वीज पोचत नाही, किंवा सर्किटमध्ये जिथून पुढे दोन वाटा फुटतात त्याच्या आधी काहीतरी सुटलंय.

आमच्या गाडीत दोन्ही एकत्र थांबत होते. हे कळायला लागले फक्त डोळे, आणि एका आठवड्याची डायरी. दोन्ही गॅरेजनी मला हा प्रश्न विचारला नाही. मैलांचे आकडे चालतायत का, एवढा साधा प्रश्न!

या गाडीत बॉनेटखाली एक काळी डबी असते. त्यातली पिन २ नंबरच्या भोकात घालायची, किल्ली फिरवायची, बटण दाबायचं, की लाल दिवा लुकलुकून कोड सांगतो. आमच्या दिव्याने तीन, एक, एक असे टिचके दिले. ३-१-१ म्हणजे वेगाचा सिग्नल येत नाही. आजकाल लोक या कोडला निकाल समजतात. ती फक्त तक्रार आहे. इंजिनचा कॉम्प्युटर म्हणतोय की मला वेग कळला नाही. का कळला नाही, ते त्याला कुठून माहीत असणार? त्याला तो वेग डॅशबोर्डकडूनच कळतो. घरात पाणी आलं नाही म्हणून नळ बदलणारा माणूस आणि कोड वाचून सेन्सर बदलणारा माणूस, दोघे एकाच जातकुळीचे.

इथे मला सांगलीच्या काकांबद्दल लिहायलाच हवं. धाकट्या चुलत भावंडांना आठवत नसेल, पण काकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मुका रेडिओ आला की ते पहिल्यांदा मागचं झाकण काढून आवाजाच्या बटणाच्या मधल्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचे आणि त्याच्या लोखंडाला बोट लावायचे. स्पीकरमधून 'घूंऽऽ' असा आवाज आला की संपलं. त्या टोकापासून स्पीकरपर्यंत सगळं ठीक, दोष अलीकडे. आवाज नाही आला तर दोष पलीकडे. एका बोटात अर्धा रेडिओ निर्दोष सुटायचा. मग उरलेल्या अर्ध्याचा परत अर्धा. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायचे, "चोर कुठल्या खोलीत हाय ते तर बघू द्या, मग लावू की दार!" काकांनी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी वगैरे घेतली नव्हती. मी घेतली, पण शोधायचं कसं ते मला त्या दुकानाच्या फळीवर बसूनच कळलं.

तर मी काकांचं बोट वापरायचं ठरवलं. दातेरी कड्यापासून काट्यापर्यंतच्या वाटेचा मध्य कुठे? डॅशबोर्डच्या मागे, जिथे मागून आलेल्या दोन वायरी स्पीडोमीटरला जोडल्यात तिथे. एका शनिवारी दुपारी बॅटरीची केबल काढली आणि क्लस्टर बाहेर घेतला. या गाडीत ते वीस मिनिटांचं काम आहे, हा तिचा मोठेपणा. ते प्लग सोडवून दोन वायरींना मल्टिमीटर लावला, एसी व्होल्टवर ठेवून. आता चाक फिरवायला हवं.

यात एक मेख आहे, आणि ती ठाऊक नसली तर चांगला सेन्सर फुकट फासावर जातो. मागची दोन्ही चाकं उचलून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एक चाक फिरवलं, तर दुसरं चाक उलटं फिरतं आणि डिफरन्शियलमधलं ते दातेरी कडं जागचं हलतच नाही! मीटर शून्य दाखवणार आणि आपण म्हणणार, सेन्सर मेला. म्हणून एकच चाक उचलायचं, दुसरं जमिनीवर. मग उचललेल्या चाकाच्या एका फेऱ्यात कडं अर्धा फेरा फिरतं, बाराऐवजी सहा ठोके मिळतात, पण मिळतात. (आई, काळजी करू नकोस. पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून लाकडाचे ठोकळे लावले होते, कारण हँडब्रेक मागच्याच चाकांना असतो आणि तो सोडल्याशिवाय चाक फिरत नाही. आणि गाडी जॅकवर नव्हे, लोखंडी स्टँडवर होती. खाली कोणी शिरलं नाही.)

लेकीला चाकाशी बसवलं, मी मीटर धरून आत. "फिरव!" म्हटलं. तिने फिरवलं आणि आकडा हलला. व्होल्टचा जेमतेम काही अंश, पण ती जोरात फिरवायची तेव्हा वाढायचा, हळू केलं की कमी व्हायचा. इतक्या संथ ठोक्यांना घरगुती मीटर अचूक दाखवत नाही, पण मला अचूकपणा नकोच होता, मला फक्त 'घूंऽऽ' ऐकायचं होतं. म्हणजे कडं ठीक, सेन्सर ठीक, मागचं कनेक्शन ठीक, साडेचार-पावणेपाच मीटर लांब गाडीभरची वायर ठीक. बाहेर तेव्हाही चांगली थंडी होती, म्हणजे थंडीतला रोग थंडीतच तपासला गेला. दुसऱ्या गॅरेजचा सेन्सर बसवला असता तर नवा कोरा सेन्सर आणि तोच झोपलेला काटा अशी अवस्था झाली असती.

पुढचं पटकन सांगतो. बॅटरी जोडून पाहिलं, स्पीडोमीटरला बारा व्होल्ट येतात, अर्थिंगही आहे. म्हणजे चोर शेवटच्या खोलीत. स्पीडोमीटर काढून काकांच्याच भिंगाखाली धरला. (ते भिंग काकूने मला दिलं होतं, सोबत चकल्याही.) प्लगच्या पिना जिथे सर्किटला सोल्डर केल्यात तिथे एका पिनेभोवती केसाएवढी काळी गोल रेघ. सोल्डरला तडा. थंडीत आकसलं की पिन सुटते, हीटरने फुगलं की टेकते, खड्ड्यात हलते, चापटीने बसते. सगळ्या नखऱ्यांना एकच उत्तर. जुनं सोल्डर काढून नवं दिलं, शेजारच्या पिनांनाही दिलं. खर्च काय म्हणाल तर घरातलंच सोल्डर आणि शनिवारची दुपार.

आता तुम्ही म्हणाल, तुला येतं म्हणून तू केलंस, सगळ्यांनी काय घरी सोल्डरिंग करायचं? मुळीच नाही. माझं म्हणणं वेगळंच आहे. इथल्या बऱ्याच गॅरेजमध्ये मेकॅनिकला ठरलेल्या तासांचे पैसे मिळतात. पुस्तकात लिहिलेलं असतं, अमुक भाग बदलायला दीड तास. त्याने तो एका तासात बदलला तरी दीड तासाचे, तीन तास लागले तरी दीडच तासाचे. कधी असतो कधी नसतो अशा दोषाचा शोध घ्यायला किती तास लागतील ते कुठलं पुस्तक सांगणार? म्हणजे शोधणाऱ्याचं नुकसान आणि बदलणाऱ्याचा फायदा. माणसं आळशी नाहीत, हिशेबच तसा मांडून ठेवलाय.

आणि आपण गिऱ्हाईक काय करतो? तपासणीचे दीडशे डॉलर मागितले की आपल्या कपाळाला आठ्या. "नुसतं बघायचे दीडशे? केलं तर काहीच नाही!" आपल्या मराठी मंडळींच्या गप्पांत हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. तोच माणूस चारशेचा पार्ट मुकाट्याने घेतो, कारण पार्ट हातात धरता येतो. माझं स्पष्ट मत आहे की बघायचे पैसे आनंदाने द्यावेत, आणि दिल्यावर एकच प्रश्न विचारावा: कुठे मोजलंत आणि किती आलं? उत्तर आकड्यात आलं तर तो माणूस सोडू नका, दिवाळीला फराळ द्या. उत्तर "या गाड्यांमध्ये नेहमी हेच होतं" असं आलं तर दुसरीकडे जा.

बदलून बघण्यालाही एक जागा आहे, नाही असं नाही. सांगलीला गॅरेजवाले मिस्त्री शेजारी उभ्या असलेल्या गाडीची चांगली केबल काढून आपल्या गाडीला लावून बघायचे आणि परत तिकडे बसवायचे. ती खरी परीक्षा, कारण लावलेला भाग चांगला आहे हे माहीत असतं आणि पैसे लागत नाहीत. विकत घेतलेला, परत न करता येणारा पार्ट लावून बघणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाने जुगार.

पहिल्या गॅरेजच्या क्लस्टरबद्दल मात्र मला अजून राग आहे, आणि तो साडेचारशे डॉलरांचा नाही. आमच्या गाडीचे आकडे २,१८,००० मैलांवर आहेत, म्हणजे साडेतीन लाख किलोमीटर. त्यांनी जो भंगारातला डबा दाखवला त्यावर होते १,४२,०००. मी म्हटलं, मग मैलांचं काय? तर म्हणे, इतक्या जुन्या गाडीचे मैल कोण विचारतो! उलट तुमची गाडी तरुण होईल.

अमेरिकेचा कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. स्पीडोमीटर दुरुस्त करा, बदला, पण मैलांचा आकडा पूर्वीचाच राहिला पाहिजे. तो ठेवता येत नसेल तर शून्यावर आणायचा आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर लेखी चिठ्ठी चिकटवायची, बदलण्याआधी किती मैल होते आणि बदल कुठल्या तारखेला झाला. आता १९९० च्या गाडीला विकताना मैल लिहून देण्यातून सूट आहे, हे खरं. पण लिहून न देणं वेगळं आणि खोटा आकडा फिरवत ठेवणं वेगळं. शहात्तर हजार मैल एका दुपारी पुसायचे! पुढे कोणी ही गाडी घेतली तर तो १,४२,००० च्या हिशेबाने गाडीवर भरवसा ठेवणार, कुठला पट्टा कधी बदलायचा ते त्यावरून ठरवणार. आणि लेकीला गाडी देताना मी तिला पहिलीच गोष्ट खोटी देणार? ते होणे नाही.

खरं तर आत्ताचाही आकडा पूर्ण खरा नाही, कारण काटा झोपायचा तेव्हा मैलही थांबायचे. ऑफिसचं अंतर ठाऊक होतं, डायरी होती, त्यावरून साधारण ६०० मैल कमी पडलेत असं निघालं. तसं कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवलंय, तारखेसकट. बायको म्हणाली, सहाशेने काय फरक पडतो? फरक काहीच पडत नाही, पण लिहायला दोन मिनिटं लागतात.

मग गेल्या रविवारी पडताळा घ्यायला टर्नपाइकवर गेलो. तिथे प्रत्येक मैलाला खांब असतो. काटा बरोबर ६० वर धरून मी चालवत होतो, लेक स्टॉपवॉच घेऊन शेजारी. खरोखर ६० असेल तर एका मैलाला ६० सेकंद लागायला हवेत. पाच मैलांची सरासरी आली ६२ सेकंद. ३६०० भागिले ६२, हे तिने तोंडी केलं (आज्जी, ऐकतेस ना?), म्हणजे खरा वेग ५८. काटा दोन मैल जास्त दाखवतो. जीपीएसही तेच म्हणाला. हा फरक चांगल्या बाजूचा आहे, युरोपच्या नियमातही काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवलेला चालत नाही, थोडा जास्त चालतो. टायर मात्र कारखान्याने सांगितलेल्या मापाचेच घ्यायचे असं तिला बजावलंय. १८५/७० च्या जागी कोणी १९५/७५ बसवून दिले तर चाकाचा घेर साडेपाच टक्क्यांनी वाढतो, आणि मग काटा ६० म्हणेल तेव्हा ती ६३ च्या वर असेल, वर हा दोन मैलांचा दिलासा वजा.

परतताना गाडी तिने चालवली. शाळेच्या टापूत काटा २० वर आणि मागच्याचा हॉर्न सतत. हलली नाही. काटा आणि खांब यांच्या आकड्यांची चिठ्ठी तिने सन-व्हायझरच्या मागे लावून ठेवलीय, ३०, ४० आणि ५० चे रकाने अजून रिकामे आहेत. ते येत्या रविवारी भरायचे आहेत, बर्फ नसला तर.